ताम्रयुग कोणत्या तारखेला संपलं?

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाची एका गोष्टीवर गाढ श्रद्धा असते. जे सुरू झालं ते ३१ मार्चला संपतं. कर्ज असो, बजेट असो, नाही तर मॅनेजरसाहेबांचा चांगला मूड असो, त्या रात्री बेरीज मारायची, खाली दोन समांतर रेघा ओढायच्या, बाकी पुढच्या पानावर न्यायची आणि १ एप्रिलला गणपतीचं नाव घेऊन नवं खातं उघडायचं. वीस-बावीस वर्षं हेच करत आल्यामुळे माझ्या डोक्यातला काळसुद्धा असाच सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यांच्या रूपात रचलेला आहे. त्या गठ्ठ्यांना आमच्या चिरंजीवांनी आग लावली ती एका रविवारी रात्री, जेवताना.

चिरंजीव पाचवीत आहेत. दुसऱ्या दिवशी इतिहासाची चाचणी होती. आमटीभात कालवता कालवता त्यांनी विचारलं, "बाबा, ताम्रयुग कोणत्या तारखेला संपलं?"

"तारखेला कसं संपेल? युग आहे ते."

"मग लोहयुग कधी सुरू झालं?"

"ताम्रयुग संपल्यावर."

"आणि ते कधी संपलं?"

"लोहयुग सुरू झाल्यावर."

चिरंजीवांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तशी नजर आजवर मी फक्त ऑडिटरच्या चेहऱ्यावर पाहिली होती. "तू बँकेत आहेस ना?" ते म्हणाले. पुढचं बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

एवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "ताम्रयुग माझ्या लग्नानंतर चार वर्षांनी संपलं. तुझ्या बाबांनी पितळेची सगळी भांडी मोडीत घातली आणि स्टीलचा सेट आणला. दिवाळीच्या आधीचा गुरुवार होता."

पितळ म्हणजे तांबं नव्हे, ते तांबं अधिक जस्त, हे मी कॉमर्स ग्रॅज्युएट असूनही जाणून होतो. पण तारीख मिळाल्यामुळे चिरंजीवांनी ती वहीत लिहून घेतली.

त्या रात्री मला झोप आली नाही. पाच रुपयांचा फरक सापडेपर्यंत रात्री नऊपर्यंत बसलेला माणूस मी. एक अख्खं युग बेहिशेबी राहतं म्हणजे काय? तेव्हापासून ग्रंथालयातून मी जी पुस्तकं आणू लागलो, ती पाहून सौ.ला वाटलं की मी प्रमोशनच्या परीक्षेला बसतोय. तिनं दोन आठवडे मला दूध-हळद दिली. सत्य समजल्यावर ती बंद झाली.

सुरुवात घरच्या हिशेबापासून केली. आपल्या पूर्वजांनी युगांचं खातं फार स्वच्छ ठेवलेलं आहे. कृतयुग १७,२८,००० वर्षांचं, त्रेता १२,९६,०००, द्वापर ८,६४,००० आणि कलियुग ४,३२,०००. एकूण ४३,२०,०००. आडव्या-उभ्या दोन्ही बेरजा जुळतात. प्रमाण पाहा, चारास तीन, तिनास दोन, दोनास एक. कृतयुगात धर्म चार पायांवर उभा होता, पुढे दर युगाला एकेक पाय गेला. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हांला घसाऱ्याची सरळ रेषा पद्धत शिकवली होती, ती ही. दरवर्षी मूळ किमतीच्या पंचवीस टक्के कमी, शेवटी उरते ती भंगारातली किंमत. कलियुग सुरू झाल्याचं परंपरेनं धरलेलं सालसुद्धा आहे, इ.स.पू. ३१०२. चिरंजीवांना हवं होतं तसं. फक्त एक गोष्ट वाचून मी जरा दचकलो. कृत, त्रेता, द्वापर, कली ही मुळात फाशांच्या दानांची नावं आहेत. म्हणजे विश्वाचा जमाखर्च जुगाराच्या शब्दांत लिहिलेला. ऑडिटला हे दाखवू नये.

ग्रीकांचंही असंच. इ.स.पू. ७०० च्या सुमारास हेसिअड नावाचा कवी होऊन गेला. त्यानं माणसाच्या पिढ्या सांगितल्या त्या सोन्याची, चांदीची, काशाची आणि लोखंडाची. मध्येच, काशानंतर, वीरपुरुषांची एक पिढी घुसडली. तिला धातू नाही. ट्रॉयचं युद्ध लढलेली मंडळी कुठल्याच खात्यात बसेनात म्हणून त्यानं ही स्वतंत्र नोंद केली असावी. आणि मग, आपण नेमके लोखंडाच्या पिढीत जन्मलो, याआधी मेलो असतो किंवा यानंतर जन्मलो असतो तर बरं झालं असतं, असा गळा काढला. आमच्या शाखेतले निवृत्तीला आलेले सगळे हेसिअड आहेत. त्यांच्या बोलण्यात 'राष्ट्रीयीकरणाच्या आधी' असं एक सुवर्णयुग येतं. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा यांतले बहुतेक शाळेतही गेलेले नव्हते, हा भाग निराळा.

तर जुन्या माणसांच्या मते काळ घसरत येतो. नव्या इतिहासकारांच्या मते तो चढत जातो. आधी दगड, मग तांबं-कासं, मग लोखंड. हा शोध कुणी लावला असेल, अशी माझी कल्पना होती? कुणी तरी दाढीवाला प्राध्यापक. पण पान उलटलं आणि मी खुर्चीत ताठ बसलो. तो माणूस आपल्यातला निघाला. व्यापाऱ्याचा मुलगा!

क्रिश्चन युर्गेनसेन थॉमसेन, कोपनहेगनचा, जन्म १७८८. बापाची पेढी होती, मुलगा तीवर बसे. छंद जुनी नाणी जमवण्याचा. विद्यापीठाची पदवी नाही. डेन्मार्कच्या सरकारनं जुन्या वस्तू जतन करण्यासाठी एक समिती नेमली होती. तिच्याकडे देशभरातून खोदताना, नांगरताना निघालेल्या चिजा येऊन पडत होत्या. कुऱ्हाडी, भाले, मडकी, कंकणं. या ढिगाला चिटणीस हवा होता. १८१६ साली थॉमसेनला नेमलं. पगार नाही. बिनपगारी माणसाला सरकार जागा कुठे देतं? एका चर्चच्या माळ्यावर.

माळा! हा शब्द वाचला आणि मी पुस्तक मिटून वर पाहिलं. आमच्याही डोक्यावर माळाच होता, आणि तो महिन्याभरात रिकामा करायचा होता. आम्ही राहत होतो तो पेठेतला वाडा पाडून तिथे इमारत व्हायची होती. बिल्डरनं तारीख दिली होती. चार पिढ्यांनी 'पुढे लागेल' म्हणून वर टाकलेलं सामान आणि त्या सामानाखाली मी. थॉमसेनशी माझं जे सख्य जमलं ते तिथून.

माळ्यावरच्या वस्तूंचं थॉमसेननं काय करावं? कशावरही तारीख नाही. लिखाण तर नाहीच, कारण हा सगळा काळ लिहिण्याच्या आधीचा. दगडाच्या वस्तू एका कपाटात, काशाच्या दुसऱ्यात, लोखंडाच्या तिसऱ्यात. हे कुणालाही सुचेल. मलाही सुचलं. मी खोकी आणली आणि त्यांवर मार्करनं लिहिलं : 'दगड', 'तांबं-पितळ', 'लोखंड', 'स्टील', 'प्लास्टिक'. पहिल्या तासाभरात माझं शास्त्र कोसळलं. पाटा-वरवंटा 'दगड' मध्ये टाकला, तर आई म्हणाली, "तो मी गेल्या आठवड्यापर्यंत वापरलाय. खाली ठेव." जात्याचं तसंच, फक्त त्याचा खुंटा लाकडी. पाणी तापवायचा बंब तांब्याचा, पण त्याची तोटी पितळेची आणि पाय लोखंडाचे. आणि तव्याचं काय? तो लोखंडाचा, आजही रोज चुलीवर, म्हणजे गॅसवर. आमच्या दहा बाय आठच्या स्वयंपाकघरात अश्मयुग, ताम्रयुग, लोहयुग सगळी एकाच वेळी चालू होती, आणि मध्ये प्लास्टिकच्या डब्यात साखर.

थॉमसेनची मोठेपणाची जागा इथेच आहे, आणि ती पेढीवर बसलेल्या माणसालाच सापडावी यात मला नवल वाटत नाही. त्याच्या लक्षात आलं होतं की नुसत्या धातूवरून काळ ठरत नाही. लोखंड आलं म्हणून लोकांनी काशाचे दागिने फेकले नाहीत. कासं आलं म्हणून दगडाची पाती टाकली नाहीत. मग त्यानं काय केलं? वस्तू सुटी पाहिलीच नाही. एकाच थडग्यात, एकाच खड्ड्यात कोणकोणत्या वस्तू मिळून सापडल्या ते पाहिलं. काशाची ही तलवार लोखंडाबरोबर कधीच सापडत नाही. हे कंकण मात्र लोखंडाबरोबरच सापडतं. शिवाय त्यांच्यावरची नक्षी निराळी. म्हणजे दोन्ही काशाची असली तरी तलवार एका युगातली आणि कंकण दुसऱ्या.

हे वाचून मला आमच्या रेकॉर्ड रूममधला एक प्रसंग आठवला. व्हाउचरचा एक गठ्ठा सापडला. वरची चिठ्ठी वाळवीनं खाल्लेली, कडा खाल्लेल्या, तारखा त्याच कडांना. सगळे म्हणाले, फेकून द्या. आमचे त्या वेळचे हेडक्लार्क जवळ आले, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि गठ्ठा पत्त्यांसारखा पिसला. "हा शिक्का जुना. ही सही ज्या साहेबांची ते इथे दीडच वर्ष होते. आणि हा फॉर्म पुढच्या वर्षी बदलला. म्हणजे मधला मे-जून." निघाला जून. आता वाटतं, हा माणूस कोपनहेगनला असता तर त्याचा पुतळा झाला असता. इथे त्याला निरोपसमारंभात भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

थॉमसेननं १८१९ साली आपला माळा लोकांसाठी उघडला. येणाऱ्याजाणाऱ्याला, शेतकऱ्यालासुद्धा, तो स्वतः हिंडवून माहिती देई. ही माणसं उद्या शेत नांगरताना काही सापडलं तर घेऊन येतील, हा त्यातला व्यापारी हिशेब. पुस्तक मात्र १८३६ साली छापलं. पुढे त्याच्या हाताखालच्या वोर्साए नावाच्या तरुणानं प्रत्यक्ष उकरून पाहिलं, आणि थरही त्याच क्रमानं निघाले. खतावणी जुळली.

पण माझी खरी भेट व्हायची होती ती पुढच्या माणसाशी. त्याचं नाव कळल्यावर मी शाखेत पेढे वाटायच्या बेतात होतो.

झालं असं की अश्मयुगाचा गठ्ठा फार जाड होऊ लागला. नुसते ठोकून काढलेले ओबडधोबड दगड आणि घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडी एकाच खात्यात. म्हणून १८६५ साली एका इंग्रजानं त्याचे दोन भाग केले, जुना आणि नवा. आपण ज्यांना पुराश्मयुग आणि नवाश्मयुग म्हणतो ते. या गृहस्थाचं नाव जॉन लबक. धंदा? बँकर! लंडनमध्ये घरची बँक होती. दिवसा बँक, उरलेल्या वेळात अश्मयुग, आणि त्यातूनही वेळ उरला तर मुंग्या. मुंग्या पाळून त्यांच्यावर त्यानं पुस्तक लिहिलं. (आमच्या रेकॉर्ड रूममध्ये वाळवी आहे. तिच्यावर अजून कुणी लिहिलेलं नाही.)

आणि एवढ्यावर थांबला नाही. पार्लमेंटात जाऊन १८७१ साली त्यानं कायदा करून घेतला, बँक हॉलिडेचा! इंग्लंडच्या बँकांना वर्षातून चार हक्काच्या सुट्ट्या मिळाल्या त्या या माणसामुळे. लोकांनी त्या दिवसांना 'सेंट लबकचे दिवस' म्हणून संतपद देऊन टाकलं. आपल्याकडच्या बँकेच्या सुट्ट्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याखाली जाहीर होतात, तेव्हा त्यांचं श्रेय लबकला देता येत नाही. तरीपण ज्यानं अश्मयुगाची विभागणी केली त्यानंच बँकवाल्यांना सुट्टी दिली, हे कळल्यावर मला इतिहास हा विषय प्रथमच जवळचा वाटला. मी जेवणाच्या सुट्टीत हे सगळ्यांना सांगितलं. कॅशियर म्हणाला, "चारच?"

लबकची आणखी एक गोष्ट मी शाखेत सांगितली नाही. इंग्लंडमध्ये एव्हबरी नावाचं गाव आहे. तिथे चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी उभ्या केलेल्या प्रचंड शिळांचं वर्तुळ आहे. त्या जागेवर घरं बांधायला लोक प्लॉट पाडू लागले. हे कळताच लबकनं पदरच्या पैशांनी ती जमीन विकत घेऊन टाकली. घरं थांबली. पुढे उमराव झाला तेव्हा त्यानं नावच लॉर्ड एव्हबरी असं घेतलं. हे मी वाड्याच्या ओसरीवर बसून वाचत होतो. समोर बिल्डरचा माणूस टेपनं चौक मोजत होता. आमचा वाडा काही साडेचार हजार वर्षांचा नव्हता. आणि माझ्या पदरी जे होतं त्यात ओसरीची एक पायरी आली असती.

आता परक्यांचं पुरे. आपल्याकडे काय स्थिती? लबकचं पुस्तक यायच्या दोन वर्षं आधी, ३० मे १८६३ रोजी, मद्रासजवळच्या पल्लावरम इथे रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या सरकारी भूशास्त्रज्ञाला एक दगड सापडला. तो नुसता दगड नव्हता. कुणीतरी हातात धरायला घडवलेला होता. ऐन मे महिन्यातलं मद्रास, आणि त्यात दगडाकडे बघत उभं राहायचं! तारीख लिहून ठेवणाऱ्या या माणसाबद्दल मला आदर आहे. भारतातल्या अश्मयुगाचं खातं त्या दिवशी उघडलं.

पण पुढे हिशेब अवघड होत गेला. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी नावाचं गाव आहे. तिथे अश्मयुगीन हत्यारांबरोबर ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. राखेचं वय काढता येतं म्हणून सगळे खूश झाले. एका मोजणीत चौदा लाख वर्षं आली. दुसरीत सहा लाख सत्तर हजार. तिसरा पक्ष म्हणाला, ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, वय पंचाहत्तर हजार. चौदा लाख आणि पंचाहत्तर हजार! हा फरक घेऊन ही माणसं संध्याकाळी शांतपणे घरी जातात. आमच्याकडे असतं तर मेमो.

मला सगळ्यात आवडलं ते महाराष्ट्राचं खातं. आपल्याकडे शुद्ध ताम्रयुग नाहीच. आहे ते ताम्रपाषाण. तांबं आलं, पण इतकं थोडं की दगडाची पाती चालूच राहिली. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे गाव आहे. तिथे १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी उत्खनन केलं आणि त्या गावाचं नाव एका संस्कृतीला मिळालं. गावाला जिल्ह्याचं ठिकाण होता आलं नाही, तालुक्याचं नाही, एकदम संस्कृतीचं झालं. पुढे १९६८ पासून १९८२ पर्यंत शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगावला खणलं. शंभरावर घरं निघाली. इ.स.पू. १६०० ते ७००, नऊशे वर्षं लोक तिथे नांदले. आधी चांगली ऐसपैस चौकोनी घरं होती. पाऊसपाणी कमी झालं, दिवस फिरले, तशी शेवटच्या काळात लहान लहान गोल झोपड्या झाल्या. हे वाचताना मी नव्या फ्लॅटचा नकाशा खूण म्हणून पुस्तकात ठेवला होता. वन बीएचके.

आणि गंमत अशी की इनामगावात हे लोक गारगोटीची पाती घासत होते त्याच सुमारास विदर्भात महापाषाणी वर्तुळं उभारणारे लोक लोखंड वापरू लागले होते. नागपूरजवळ नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली आहे. म्हणजे एकाच महाराष्ट्रात इकडे ताम्रपाषाण, तिकडे लोह. मला यात काही अशक्य वाटत नाही. आमच्या बँकेतही मुख्य कचेरीत कॉम्प्युटर आल्यावर कित्येक वर्षं खेड्यातल्या शाखांत लेजर चालू होतं. दक्षिणेत तर सध्या आणखी गंमत आहे. २०२५ च्या जानेवारीत तमिळनाडू सरकारनं एक अहवाल काढला, त्यात शिवगळै इथल्या लोखंडाचं वय इ.स.पू. ३३४५ पर्यंत मागे नेलं आहे. तज्ज्ञांचा वाद चालू आहे. ते खरं ठरलं तर उत्तरेत हडप्पावाले काशाची भांडी ओतत असताना दक्षिणेत लोक लोखंड ठोकत होते असं होईल, आणि पाचवीच्या पुस्तकाची पंचाईत.

दायमाबादची तर कथाच. प्रवरेच्या काठचंच हे गाव, श्रीरामपूर तालुक्यात. १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचं बूड खणताना काशाच्या चार मूर्ती सापडल्या. बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. वजन सगळं मिळून साठ किलोच्या वर. पुरातत्त्ववाल्यांनी नंतर शास्त्रशुद्ध खणलं, पण मूर्ती तर आधीच बाहेर आलेल्या. कुठल्या थरातल्या, शेजारी काय होतं, हे कसं कळणार? बरेच जण त्या उत्तर-हडप्पा काळातल्या मानतात. काहींनी धातू तपासून शंका काढल्या. रक्कम आली, पण कोणत्या खात्याची ते ठरत नाही, अशी वेळ आली की आम्ही ती सस्पेन्स अकाउंटला टाकतो. दायमाबादचा रथ माझ्या मते तिथे उभा आहे. बैल जुंपलेले, माणूस तयार, फक्त निघायचं कुठून ते माहीत नाही.

हे सगळं मी रात्री जेवल्यावर आईला सांगत असे. तिला दायमाबादचं विशेष वाटलं नाही. जोर्वेच्या तोटीच्या भांड्याचं चित्र पाहून म्हणाली, "धुवायला कठीण." पण इनामगावचं एक सांगितल्यावर ती गप्प झाली. तिथे तान्ही मुलं गेली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत.

"घरातच?"

"घरातच. जमिनीखाली."

बऱ्याच वेळानं म्हणाली, "बरोबर केलं. एवढंसं पोर गावाबाहेर एकटं कसं ठेवायचं?"

चाचणीचे पेपर मिळाले. 'ताम्रयुगाविषयी माहिती लिहा' याला चिरंजीवांनी लिहिलं होतं : 'ताम्रयुग दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी संपले. पण आमच्या घरी बंब अजून आहे.' पाचपैकी अर्धा गुण. तो अर्धा कशाबद्दल हे मला कळलं नाही. बंबाबद्दल असावा.

मग आम्ही वाडा सोडला. पाटा-वरवंटा तिसऱ्या मजल्यावर चढवताना हमालांनी त्याचे जादा पैसे घेतले. नव्या घरात आईला झोप येईना. रस्त्याचा दिवा खिडकीतून आत येई. वाड्यात पहाटे नळाला पाणी आल्याचा आवाज यायचा, तो येत नाही म्हणून ती चारला उठून बसे. आठ-दहा दिवसांनी मला म्हणाली, "डोळ्यांची आग होतेय रे. काशाची वाटी काढ."

काशाच्या वाटीनं तळपाय घासण्याचं आमच्याकडे लहानपणापासून होतं. मी 'तांबं-पितळ' लिहिलेलं खोकं उघडलं. नाही. 'स्टील' पाहिलं. नाही. वाटी म्हणून 'इतर' पाहिलं. पाच खोकी उपसली. शेवटी आईनं पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेकडे बोट केलं. तिला मी हात लावला नव्हता, कारण तिच्यात धातू कोणता ते मला माहीत नव्हतं.

जुन्या नऊवारीच्या तुकड्यात एक गाठोडं होतं. त्यात लाकडी फणेरपेटी, एक चिमुकली समई, झबल्याचा एक तुकडा आणि वाटी. सगळं एकत्र. थॉमसेनचं पुस्तक मनात ताजं होतं, म्हणून मी काही हलवलं नाही, आधी नीट पाहिलं. वाटी उलटी केली. बुडाला टोच्याटोच्यांनी तीन अक्षरं कोरलेली होती. एका बाईचं नाव. माझ्या आजीचं नाही. आईचं नाही. आमच्या घरात कुणाचंच नाही.

"हे कोण?"

"तुझ्या आजोबांची पहिली," आई म्हणाली. "पहिल्याच बाळंतपणात गेली. पोरही गेलं."

मला पहिली कुणी होती हे चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घराचा इतिहास आजीपासून सुरू व्हायचा. तिच्या आधी अंधार.

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? सासूबाईंनी मला सांगितलं, वाटी हातात देताना. म्हणाल्या, सगळं मोडीत घाल, ही घालू नकोस. तुझे बाबा स्टीलचा सेट आणायला निघाले तेव्हा मी पदराखाली धरून ठेवली."

नाव मी इथे लिहीत नाही. त्या दोघींनी ज्या नावाचा इतका जपून सांभाळ केला ते मी छापावं असं मला वाटत नाही.

सौ.नं थोडं तूप पातळ करून आणलं. मी आईच्या पायाशी बसलो आणि तळव्याला वाटी घासू लागलो. घासता घासता तूप काळं होत जातं. आई म्हणते ती उष्णता. पुस्तकाप्रमाणे पाहिलं तर तांबं आणि कथील. कथील फार थोड्या ठिकाणी मिळतं, त्यासाठी त्या काळी माणसं शेकडो कोस हिंडत. लोखंड दाराशी मिळू लागलं तशी ती हिंडायची थांबली. हे मी आईला सांगणार होतो, पण उजवा पाय संपून डाव्याला लागलो तेव्हा तिचा श्वास लागला होता.

चिरंजीव उशी घेऊन दारात उभे होते. त्यांनी वाटीकडे पाहिलं, काळ्या तुपाकडे पाहिलं.

"बाबा, हे कांस्ययुग का?"

"हळू बोल," मी म्हटलं, "आजी आत्ता झोपलीय."